मास्टरमाइंड: पाच अंदाजांत कोड फोडायचा कसा

मास्टरमाइंड म्हणजे समोरच्याने लपवलेला रंगीत खुंट्यांचा कोड ओळखायचा खेळ. त्याच्या पटावर एका अंदाजाला एक अशा भरपूर ओळी असतात, त्यामुळे माणूस निवांत होतो. पहिल्या तीन-चार ओळी मनाला येईल तशा भरतो, मग ‘आता जरा विचार करू’ म्हणून सरसावून बसतो. तोवर उत्तरादाखल मिळालेल्या इतक्या काळ्या-पांढऱ्या पिना जमलेल्या असतात की त्यांचा मेळ घालताना डोकं भणभणतं. खरं तर चार जागा आणि सहा रंगांचा हा खेळ जास्तीत जास्त पाच अंदाजांत सुटतो, कोड कुठलाही असो. १९७७ साली डोनाल्ड कनूथ या अमेरिकी संगणकशास्त्रज्ञाने हे संगणकाच्या मदतीने दाखवून दिलं. त्याची पद्धत जशीच्या तशी डोक्यात करणं अवघड आहे, पण तिच्यामागचा विचार कागद-पेन्सिल घेऊन कुणालाही वापरता येतो.

विचार एवढाच: अंदाज हा एक प्रश्न आहे. तो बरोबर निघतो की चुकतो याला सुरुवातीला काहीच महत्त्व नाही. उत्तर काहीही आलं तरी उरलेल्या शक्यता किती कमी होतील, हे पाहून तो विचारायचा.

आधी उत्तर देण्याचा नियम

एक जण चार रंगीत खुंट्यांचा कोड लपवतो, दुसरा ओळखतो. रंग पुन्हा वापरता येतो. रंगही बरोबर आणि जागाही बरोबर असेल तर काळी पिन. रंग आहे पण जागा दुसरी असेल तर पांढरी. काही संचांत काळीऐवजी लाल पिन असते. कोणती पिन कोणत्या जागेसाठी हे सांगितलं जात नाही, आणि खेळाची सगळी गंमत तिथेच आहे. मोबाइलवरच्या काही खेळांत प्रत्येक जागेचं उत्तर वेगळं दाखवतात. तो खेळ दिसायला असाच असला तरी फार सोपा, आणि खाली सांगितलेली आकडेमोड त्याला लागू पडत नाही.

रंग दोनदा आला की उत्तर देणाराच गडबडतो. म्हणून हा हिशेब कायमचा लक्षात ठेवा. आधी जागा विसरा. प्रत्येक रंग कोडमध्ये किती वेळा आणि अंदाजात किती वेळा आहे ते बघा, लहान आकडा घ्या आणि सगळ्या रंगांची बेरीज करा. ही झाली एकूण पिनांची संख्या. मग जागेवर जुळणाऱ्या खुंट्या मोजा, त्या काळ्या. बेरजेतून काळ्या वजा केल्या की पांढऱ्या.

समजा कोड आहे लाल-लाल-हिरवा-निळा आणि अंदाज लाल-हिरवा-लाल-लाल. लाल कोडमध्ये दोन, अंदाजात तीन, म्हणून दोन धरायचे. हिरवा दोन्हीकडे एक. एकूण पिना तीन. जागेवर फक्त पहिला लाल जुळतो. उत्तर: १ काळी, २ पांढऱ्या. अंदाजातल्या तिसऱ्या लालला काहीच मिळत नाही. पुष्कळ घरांत भांडण होतं ते याच ठिकाणी. एक चुकीची पिन पडली की पुढचा सगळा डाव वाया जातो, म्हणून नवख्या भिडूला कोड लावायला बसवण्याआधी अशी दोन-तीन उदाहरणं त्याच्याकडून सोडवून घ्यावीत.

३ काळ्या आणि १ पांढरी हे उत्तर कधीच येऊ शकत नाही. तीन जागा पक्क्या झाल्या तर चौथ्या रंगाला जायला दुसरी जागाच उरत नाही. ते सोडलं तर शक्य उत्तरं १४. कोड एकूण ६×६×६×६, म्हणजे १२९६. एका अंदाजाने या १२९६ चे फार तर १४ गट पडतात. ते होता होईल तेवढे सारखे पडावेत, एवढंच आपल्याला साधायचं आहे.

पहिला अंदाज

पुढे रंगांसाठी छोटी नावं वापरतो: ला, पि, हि, नि, के (केशरी), जां (जांभळा).

अनेक जण ला-ला-ला-ला ने सुरुवात करतात, ‘लाल किती ते तरी कळेल’ म्हणून. या प्रश्नाला फक्त पाच उत्तरं आहेत, आणि लाल नसलाच तर ६२५ कोड तसेच उरतात. एक ओळ घालवून निम्मंच काम झालं.

दुसरं टोक म्हणजे चारही रंग वेगळे: ला-पि-हि-नि. यात सगळ्यात मोठा गट दोन पांढऱ्यांचा, ३१२ कोडांचा. ला-ला-पि-हि घेतलं तर सगळ्यात मोठा गट २७६ चा, आणि ला-ला-पि-पि घेतलं तर २५६ चा. म्हणून सगळ्यात वाईट नशिबाचाही विचार करणारा कनूथ ला-ला-पि-पि पासून सुरू करतो.

सरासरी काढली तर चित्र बदलतं. पहिल्या उत्तरानंतर सरासरी किती कोड उरतात? ला-ला-पि-हि नंतर सुमारे १८५, ला-पि-हि-नि नंतर १८८, ला-ला-पि-पि नंतर २०५ च्या आसपास. कारण ला-ला-पि-पि मध्ये २५६ चे तीन गट आहेत. फार मोठा एकही नाही, पण मोठे बरेच. पैज पाच ओळींची असेल तर ला-ला-पि-पि घ्या. बऱ्याच डावांची बेरीज करून कमी ओळी लागणारा जिंकणार असेल तर ला-ला-पि-हि.

माझं मत विचाराल तर कागदावर खेळणाऱ्याने ला-ला-पि-पि च धरावं. सरासरीत थोडं नुकसान होतं, पण उत्तर वाचायला इतकं सोपं की ते भरून निघतं. ते कसं, ते आता एका पूर्ण डावात बघू.

एक डाव, पहिल्या ओळीपासून

पहिली ओळ: ला-ला-पि-पि. उत्तर: १ काळी.

एकूण पिन एकच, म्हणजे कोडमध्ये लाल आणि पिवळा मिळून एकच खुंटी आहे. ती काळी आहे, म्हणजे लाल असेल तर पहिल्या किंवा दुसऱ्या जागी, पिवळी असेल तर तिसऱ्या किंवा चौथ्या. असे चार गट पडले. प्रत्येकात उरलेल्या तीन जागा हि, नि, के, जां या चार रंगांतून भरायच्या, म्हणजे ६४ प्रकार. चार गुणिले ६४, एकूण २५६. यादी न करता सगळं चित्र चार ओळींत मावलं. गटांत विचार करण्याची ही सवय लावून घ्या, हीच खरी किल्ली आहे. २५६ कोड कुणी लिहीत बसत नाही.

दुसरी ओळ: ला-हि-नि-नि. कनूथनेही या उत्तरानंतर याच बांधणीचा अंदाज घेतला आहे. यात जुन्या गोष्टीचा एकच प्रश्न आहे: लाल पहिल्या जागी आहे का? बाकी तीन खुंट्या नवीन रंगांवर लावल्या, त्यातही एक रंग एकदा आणि एक दोनदा. दोन्ही लाल जागेवर ठेवून फक्त उरलेल्या दोन जागा बदलायचा मोह होतो. पण लाल दोनदा नाही हे कळलेलं असताना दुसऱ्या लालवर खुंटी घालवायची कशाला?

उत्तर: १ काळी, १ पांढरी.

आता चारही गट एकेक करून चाळायचे. नमुन्यासाठी दुसरा गट घेऊ, लाल दुसऱ्या जागी असलेला. अंदाजात लाल पहिल्या जागी होता, म्हणजे लालने पांढरी पिन मिळवली. मग काळी पिन दुसऱ्या कुणीतरी दिली पाहिजे. हिरव्याला देता येणार नाही, कारण अंदाजातली हिरव्याची जागा दुसरी आणि तिथे लाल बसलाय. उलट कोडमध्ये हिरवा कुठेही असता तर आणखी एक पांढरी आली असती. म्हणजे हिरवा नाही, आणि निळा एकच, तिसऱ्या किंवा चौथ्या जागी. उरलेल्या दोन जागांवर के किंवा जां, म्हणजे चार प्रकार. दोन गुणिले चार, ८ कोड.

असंच बाकीचे चाळले की लाल पहिल्या जागी असलेल्या गटात १४, पिवळा तिसऱ्या जागी असलेल्यात १० आणि चौथ्या जागी असलेल्यात १० उरतात. एकूण ४२. दोन ओळींत १२९६ वरून ४२ वर आलो.

तिसरी ओळ: ला-के-हि-जां. १४ चा गट सगळ्यात मोठा, म्हणून त्यातलाच एक कोड घेतला. आतापर्यंत न विचारलेले दोन्ही रंग त्यात आले, आणि हिरव्याला नवीन जागा मिळाली. निळ्याला मुद्दाम सुट्टी दिली, कारण मागच्या ओळीत तो दोनदा विचारून झाला आहे. हा अंदाज ४२ कोडांवर लावून पाहिला तर १४ पैकी १३ वेगवेगळी उत्तरं येऊ शकतात आणि सगळ्यात मोठा गट अवघ्या ८ चा. तिसऱ्या ओळीला याहून जास्त मागू नये.

उत्तर: २ पांढऱ्या. आपल्या नशिबी नेमका तो ८ चाच गट आला. तरी हरकत नाही. काळी नाही, म्हणजे पहिल्या जागी लाल नाही, आणि १४ चा गट एका फुलीत गेला. बाकीच्यांतून उरले ते हे:

के-ला-नि-के
के-ला-के-नि
जां-ला-जां-नि
हि-जां-पि-नि
नि-हि-पि-के
हि-जां-नि-पि
नि-हि-के-पि
नि-हि-जां-पि

इथे घाई करणारा यातला कुठलाही एक उचलतो. समजा त्याने जां-ला-जां-नि लावला. कोड के-ला-नि-के असो, हि-जां-पि-नि असो की नि-हि-जां-पि असो, तिन्ही वेळी उत्तर १ काळी, १ पांढरी हेच. नि-हि-पि-के आणि नि-हि-के-पि हे दोघेही एका पांढरीत अडकतात. म्हणजे पाचवी ओळ पुन्हा नशिबावर.

त्याऐवजी नि-हि-के-पि लावून पाहा. आठांपैकी कुठला कोड असता तर काय उत्तर आलं असतं:

के-ला-नि-के: २ पांढऱ्या
के-ला-के-नि: १ काळी, १ पांढरी
जां-ला-जां-नि: १ पांढरी
हि-जां-पि-नि: ३ पांढऱ्या
नि-हि-पि-के: २ काळ्या, २ पांढऱ्या
हि-जां-नि-पि: १ काळी, २ पांढऱ्या
नि-हि-जां-पि: ३ काळ्या
नि-हि-के-पि: ४ काळ्या

आठ कोड, आठ वेगळी उत्तरं. आता काहीही आलं तरी पाचवी ओळ शंभर टक्के बरोबर. आपल्याला आल्या ३ पांढऱ्या, म्हणजे हि-जां-पि-नि. डाव पाच ओळींत संपला.

शक्यता दहाच्या आत आल्या की असा तक्ता मांडायलाच हवा. दोन मिनिटं लागतात, पण हा खेळ घड्याळ लावून कुणी खेळत नाही. उमेदवार निवडताना एकच रंग दोनदा असलेला टाळा आणि बाकीच्या कोडांशी कुठे एक, कुठे दोन, कुठे तीन खुंट्या जुळणारा शोधा. वरच्या तक्त्यात नि-हि-के-पि जिंकला तो त्यामुळेच.

जो बरोबर असूच शकत नाही असा अंदाज

‘आतापर्यंतच्या सगळ्या उत्तरांशी जुळेल असाच अंदाज लावायचा’ हा नियम चांगला खेळाडू आपोआप शिकतो, आणि पुष्कळदा तो पुरतो. पण कधी कधी तो मोडावा लागतो.

समजा पहिल्या तीन जागा ला-पि-हि अशा पक्क्या कळल्या आहेत आणि चौथी नि, के किंवा जां यांपैकी एक आहे. नियमाप्रमाणे ला-पि-हि-नि लावला आणि चुकला तर ३ काळ्या येतात. के असो वा जां, उत्तर तेच. म्हणजे दुर्दैव असेल तर तीन ओळी.

आता नि-पि-हि-के लावा. पहिल्या जागी लाल आहे हे माहीत असताना तिथे निळा ठेवतोय, म्हणजे हा अंदाज बरोबर येणं अशक्य. पण चौथ्या जागी निळा असेल तर २ काळ्या, १ पांढरी; केशरी असेल तर ३ काळ्या; जांभळा असेल तर नुसत्या २ काळ्या. पुढच्या ओळीत काम फत्ते. तीनच शक्यता असतील तर सरासरी दोन्हीकडे सारखीच, दोन ओळी. फक्त तिसऱ्या ओळीची भीती गेली. चौथा पर्यायही असता, समजा शेवटी लालच पुन्हा, तर सरासरीतही फायदा होतो: एकेक करून पाहिलं तर अडीच ओळी, असा आडवा प्रश्न विचारला तर सव्वादोन.

कनूथच्या पद्धतीत हेच पद्धतशीर येतं. प्रत्येक पायरीला सगळे १२९६ अंदाज तपासायचे, जुळणारे आणि न जुळणारेही. ज्याचा सगळ्यात मोठा गट सगळ्यात लहान तो घ्यायचा, आणि बरोबरी झाली तर जुळणाऱ्याला पसंती. असं केल्यावर पाचाच्या वर कधी जात नाही आणि सरासरी ४.४७६ येते. पुढे १९९३ साली केंजी कोयामा आणि टोनी लाय यांनी सरासरी ४.३४० पर्यंत खाली आणली. त्याहून कमी होऊच शकत नाही हेही ठरलं आहे. मात्र त्यासाठी क्वचित एखाद्या कोडला सहावी ओळ मान्य करावी लागते. फरक दशांश चिन्हानंतरचा आहे. घरच्या खेळात त्याच्या मागे लागण्यात अर्थ नाही.

कागदावर काय मांडायचं

सहा रंगांच्या सहा ओळी, चार जागांचे चार रकाने. एकही काळी न आलेला अंदाज आला की त्यातल्या चारही घरांवर लगेच फुली मारा. नवखे खेळाडू ही फुकटची माहिती हमखास विसरतात. एकही पिन आली नाही तर त्यातले रंगच बाद, आणि ते रंग पुढे रिकाम्या खुंटीसारखे वापरता येतात. तक्त्याशेजारी प्रत्येक रंग ‘कमीत कमी किती, जास्तीत जास्त किती’ असा लिहा. एकूण पिनांची बेरीज नेहमी आधी वाचा, काळ्या-पांढऱ्यांची वाटणी नंतर. आधी कुठले रंग ते ठरतं, मग त्यांच्या जागा.

समोर माणूस असेल तर

मशीनने काढलेल्या कोडमध्ये चारही रंग वेगळे असण्याची शक्यता किती? असे कोड ६×५×४×३, म्हणजे ३६०. जेमतेम २८ टक्के. म्हणजे मोबाइलशी खेळताना बहुतेक वेळा एखादा रंग दोनदा आलेलाच असतो, आणि ‘चारही वेगळे असतील’ असं गृहीत धरणारा तिथे मार खातो. माणसाचं उलट. नवखा भिडू बहुधा चार वेगळे रंग लावतो आणि मुरलेला मुद्दाम जोडी किंवा तिय्या लावतो. समोरच्याची सवय ओळखू आली तर पहिली ओळ तशी बदलायला हरकत नाही. चार वेगळ्या रंगांची खात्री असेल तर ला-पि-हि-नि च योग्य.

रंग पुन्हा नको असा नियम ठरवून खेळत असाल तर कोड ३६० च. अंदाजही चार वेगळ्या रंगांचा असेल तर दोनपेक्षा कमी पिना येऊच शकत नाहीत, कारण अंदाजाबाहेर दोनच रंग उरतात. लहान मुलांना शिकवायला हा प्रकार चांगला. दुसऱ्या-तिसऱ्या डावातच ‘दोन तरी असणारच ना!’ हे त्यांचं त्यांना कळतं.

मोठे आणि जुने प्रकार

रिकामी जागाही चालेल असं ठरवलं तर तो सातवा रंग झाला आणि कोड २४०१. पाच जागा आणि आठ रंगांच्या संचात ते ३२,७६८ होतात. तिथे गटांची पद्धत तीच, पण पहिल्या दोन ओळी मिळून जास्तीत जास्त रंग विचारून घ्यावेत; जागांची काळजी तिसऱ्या ओळीपासून.

खुंट्यांचा हा संच मॉर्डेकाय मेइरोविट्झ या इस्रायली माणसाने १९७० साली तयार केला आणि पुढच्या वर्षी इंग्लंडमधल्या इन्व्हिक्टा प्लास्टिक्सने तो बाजारात आणला. त्याच्या कितीतरी आधीपासून लोक हाच खेळ आकड्यांवर खेळत होते: बुल्स अँड काउज. आपल्याकडेही तासाला कंटाळा आला की वहीच्या मागच्या पानावर चालतो तोच. चार वेगळे आकडे, शून्यापासून नऊपर्यंत. जागेवर असलेला बुल, जागा चुकलेला काउ. त्याला संच लागत नाही. कोड ५०४०, आणि चांगलं खेळलं तर सात अंदाजांच्या वर जावं लागत नाही. पहिले दोन अंदाज १२३४ आणि ५६७८ असे सरळ ठोकून देण्याची पद्धत आहे. ती वाईट नाही, पण पहिल्याच उत्तराला तीन-चार जुळले तर दुसरा अंदाज तसाच लावणं म्हणजे ओळ वाया घालवणं. तिथे १२३४ मधले दोन आकडे जागा बदलून ठेवा आणि उरलेल्या दोन जागी ५ आणि ६ घ्या.